कमी गुणांची मुलगी आणि वसतिगृहाचे दार

बारावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातील व्यापारी घरांत एक वेगळाच हिशेब सुरू होतो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड या बाजारपेठांत आडत, कापड, सराफी वा किराण्याचा व्यवसाय करणाऱ्या अनेक कुटुंबांना मुलीच्या पुढील शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईकडे पाहावे लागते. महाविद्यालय मिळेल का, हा पहिला प्रश्न असतो आणि तो बहुधा सुटतो. दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो: ती राहणार कोठे?

मुलगा असेल तर दोघे-तिघे मित्र मिळून खोली भाड्याने घेतात आणि डबा लावतात. मुलीच्या बाबतीत मात्र ‘समाजाच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच पाठवू’ असा निर्णय निकालाआधीच झालेला असतो. त्यामागे केवळ सुरक्षिततेची काळजी नसते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळांविना स्वयंपाक, चातुर्मासातील नियम आणि संस्कारांची सोबत हे सारे एका छपराखाली मिळावे, अशी अपेक्षा असते. म्हणूनच या घरांतील मुलीसाठी वसतिगृहाचे दार हेच महाविद्यालयाचेही दार ठरते. पहिले बंद झाले की दुसरे आपोआप बंद होते.

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात टक्केवारीचा रकाना असतो. पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या मुलीला तो भूषणावह वाटतो. बावन्न टक्क्यांच्या मुलीचा हात मात्र तेथे थबकतो. अर्ज परत आला की घरात फारशी चर्चा होत नाही. ‘गावातच काहीतरी कर’ असे सांगितले जाते आणि वर्ष-दोन वर्षांत स्थळांची बोलणी सुरू होतात. गुणांची अट ज्यांनी घातली, त्यांच्या मनात असा परिणाम कधीच नव्हता. पण तो होतो.

विश्वस्तांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खाटा मोजक्या आणि अर्ज अनेक, ही स्थिती नेहमीचीच. दात्यांनी दिलेल्या पैशाचे चीज व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे. शिवाय गुणानुक्रमाची यादी ही विश्वस्तांची ढाल असते. ती नसेल तर ओळखीपाळखीची पत्रे, नातेवाइकांचे दूरध्वनी आणि मोठ्या देणगीदारांचे शब्द यांतून मार्ग काढणे कठीण होते. यादी लावली की कोणाच्या रागालोभाचा प्रश्न उरत नाही. शासनाच्या योजनाही गुण पाहतात. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्या वर्गासाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेत मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुणांची अट होती. तेव्हा गुण पाहणे हाच दोष, असे म्हणता येणार नाही.

प्रश्न एवढाच की ते गुण नेमके काय सांगतात. विज्ञान शाखेचे साठ टक्के आणि वाणिज्य शाखेचे साठ टक्के एकाच तराजूत तोलता येत नाहीत. आई आजारी असताना घर सांभाळून परीक्षेला बसलेली मुलगी आणि शहरातील नामांकित शिकवणीतून बाहेर पडलेली मुलगी यांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या, तर त्या परिस्थितीतले अंतर दाखवतात; बुद्धीतले अंतर दाखवतीलच असे नाही. व्यापारी घरांतील मुलींच्या आवडीचे उदाहरण म्हणजे सनदी लेखापालाचा, म्हणजे सी.ए.चा अभ्यासक्रम. त्याच्या फाउंडेशन परीक्षेला बसण्यासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. बारावीत अमुकच टक्के हवेत, अशी अट नाही. परीक्षेत मात्र प्रत्येक विषयात किमान ४० आणि एकूण किमान ५० टक्के गुण मिळवावे लागतात. म्हणजे तिने आजवर काय मिळवले, यापेक्षा ती पुढे काय करून दाखवते, याला त्या संस्थेने महत्त्व दिले. अशा अभ्यासक्रमाला जिला बसता येते, तिला राहण्याची जागा मात्र बारावीच्या टक्केवारीवरून नाकारली जावी, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

वसतिगृहे कशासाठी निघाली, हे आठवले तर या विसंगतीवर अधिक प्रकाश पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावाने जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले आणि अन्य नगरांतही अशा वसतिगृहांना हातभार लावला. त्यांच्या कन्या मगनबाई तरुण वयातच विधवा झाल्या. वडिलांच्या प्रोत्साहनाने त्या शिकल्या आणि श्राविकाश्रमाच्या रूपाने त्यांनी विधवा व निराधार भगिनींच्या शिक्षणाची सोय केली. त्याआधी, १८९६ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू केला होता. या आश्रमांच्या दारात आलेल्या स्त्रियांकडे दाखवायला गुणपत्रिका कोठून असणार? त्यांतील अनेकींना अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. त्यांना प्रवेश मिळाला तो त्यांच्या गरजेवर आणि शिकण्याच्या इच्छेवर.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये शिकत असताना तेथील जैन वसतिगृहात राहात. पुस्तकी अभ्यासात ते कधीच अग्रेसर नव्हते; मॅट्रिकची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले नाहीत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर त्यासाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालणारे वसतिगृह सुरू केले. मुलांच्या अन्नासाठी पैसा उरला नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही दिले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने ‘डी. लिट.’ ही पदवी देऊन या मॅट्रिकही न झालेल्या शिक्षणमहर्षींचा गौरव केला. प्रत्येक कमी गुणांचा विद्यार्थी भाऊराव होत नाही, हे खरे. परंतु आजच्या प्रवेशयादीत भाऊरावांचे नाव बहुधा तळाशी लागले असते, हेही तितकेच खरे.

अनेक घरांतील नाती आता अमेरिकेतही शिकतात. तेथील महाविद्यालयांत ‘सोरॉरिटी’ नावाची विद्यार्थिनींची भगिनीमंडळे असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांची स्वतःची घरे असतात. सदस्य मुली तेथे एकत्र राहतात, सेवाकार्ये करतात आणि पुढे आयुष्यभर परस्परांना साहाय्य करतात. जुन्या मंडळांचा एक राष्ट्रीय संघ १९०२ पासून कार्यरत आहे. पुढे वेगवेगळ्या समाजांतील मुलींनीही आपापली मंडळे काढली. १९९८ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलींनी ‘कप्पा फाय गॅमा’ सुरू केली.

या मंडळांतही प्रवेशासाठी गुणांची सरासरी पाहिली जाते. तेथे ती चारपैकी मोजतात आणि अनेक मंडळांत अडीच किंवा त्याहून अधिक सरासरीची अपेक्षा असते. त्यांचे सारेच अनुकरणीय नाही: जुन्या सदस्यांच्या पसंतीवर नव्या मुलीचा प्रवेश ठरतो आणि त्यात अनेकींची मने दुखावतात. परंतु दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, सरासरी कमी पडलेल्या मुलीला एखादे सत्र अभ्यास करून, गुण सुधारून पुन्हा येता येते. एकदाचा नकार हा कायमचा नकार नसतो. दुसरी, मंडळात अभ्यासाची जबाबदारी सांभाळणारी एक पदाधिकारी असते. प्रवेशानंतर कोणी मागे पडले तर तिला ठरावीक तास अभ्यासिकेत बसवणे आणि हुशार सदस्येची मदत मिळवून देणे, हे तिचे काम. म्हणजे तेथे गुणांची अट घालणारे घर गुण वाढवण्याची जबाबदारीही अंगावर घेते. आपल्याकडील वसतिगृहांनी यातील पहिला अर्धा भाग घेतला. दुसरा राहून गेला.

वास्तविक हा दुसरा भाग आपल्याला परका नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत ‘स्थितिकरण’ हे एक अंग सांगितले आहे. मार्गावरून ढळू लागलेल्याला हात देऊन पुन्हा स्थिर करणे, हा त्याचा आशय. धर्ममार्गासाठी सांगितलेले हे तत्त्व विद्यामार्गालाही लागू करता येईल. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पेढीवर उधारी देताना केवळ मागील वर्षाचा ताळेबंद पाहत नाहीत. माणसाची नियत, त्याचे कष्ट आणि पुढील हंगामाची आशाही पाहतात. तशीच पत मुलीचीही पाहता येईल.

त्यासाठी गुणानुक्रमाची यादी मोडण्याची गरज नाही. दहापैकी आठ जागा यादीनुसार भराव्यात आणि दोन जागा कमी गुणांच्या, पण खरोखर गरजू मुलींसाठी ठेवाव्यात. हा प्रवेश एका सत्रापुरता सशर्त असावा. हजेरी, अभ्यासिकेतील नियमितता आणि सत्रपरीक्षेचा निकाल पाहून तो पुढे चालू ठेवावा. मुलाखतीच्या समितीत किमान दोन सुशिक्षित भगिनी असाव्यात आणि मुलीची गुणपत्रिका चारचौघांत वाचली जाऊ नये. नियम आधीच लिहून जाहीर केलेले असतील, तर ओळखीच्या पत्रांना वावही उरणार नाही.

कुटुंबांचीही काही कर्तव्ये आहेत. गुण लपवू नयेत, वाढवून सांगू नयेत आणि वशिल्याच्या पत्राने जागा मिळवून मुलीच्या माथी ओझे ठेवू नये. गुण का कमी पडले, हे तिने स्वतःच्या शब्दांत अर्जासोबत लिहावे. समाजाच्या वसतिगृहात जागा नाही मिळाली, तरी शिक्षण थांबवण्याआधी इतर मार्ग पाहावेत. महाविद्यालयाचे स्वतःचे मुलींचे वसतिगृह असते. बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षणशुल्काबरोबर वसतिगृह व भोजनाचा खर्चही धरता येतो आणि पात्र विद्यार्थ्यांना साडेसात लाख रुपयांपर्यंतचे कर्ज पतहमी योजनेतून तारणाविना मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना, पात्रतेच्या अटींवर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले आहे. वाचलेल्या शुल्कातून राहण्याचा खर्च भागवता येईल.

येत्या जूनपूर्वी प्रत्येक वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळाची एखादी तरी बैठक होईलच. प्रवेशअर्जाचा नमुना त्या बैठकीत पुन्हा छपाईला जाईल. टक्केवारीच्या रकान्याखाली आणखी एक रकाना वाढवायचा आहे: ‘विद्यार्थिनीस स्वतःविषयी काय सांगावयाचे आहे?’ त्याला चार ओळींची जागा पुरेशी होईल. मात्र तेथे लिहिलेले वाचायला समितीतील कोणीतरी थोडा वेळ काढला पाहिजे.