सड्यावर हिरवळ कशाला?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हिवाळी सुट्टीचा एक ठरलेला बेत असतो. फिनिक्स-स्कॉट्सडेल परिसरात मुक्काम, सकाळी गोल्फ, मग सेडोनाचे तांबडे कडे आणि एक दिवस ग्रँड कॅन्यनला. ऊन आणि उजाड जमीन या दोन गोष्टींवर तिथे मोठा व्यवसाय उभा राहिला. इकडे कोकणात, रत्नागिरीजवळच्या पालीत मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरचा रस्ता वेगळे होतात. या टापूतले सडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारं, मे महिन्यात असेच रखरखीत दिसतात. ‘नुसता कातळ पडून आहे, इथे गोल्फ रिसॉर्ट का नको?’ असं कोणालाही वाटेल. पण ॲरिझोनाचा अनुभव नीट पाहिला, तर उत्तर नकाराकडेच झुकतं.

फिनिक्सला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम २०० मिलिमीटर. कोलोरॅडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून तिथल्या वाळवंटात आणावं लागलं. तिथलं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडतं, आणि पर्यटक येतात नेमके थंडीत. म्हणून शरद ऋतूत ते अगदी बुडाशी कापून त्यावर राय गवताचं बी पेरतात आणि ते रुजेपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी मारतात. हा खर्च जमिनीलाही झेपेना. १९८०च्या भूजल कायद्यानंतर नव्या मैदानांच्या हिरवळीवर मर्यादा आल्या. चेंडू जिथे पडायचा तेवढंच गवत राखून मधलं वाळवंट, निवडुंगासकट, तसंच ठेवणारी मैदानं रूढ झाली. तरीही २०२१मध्ये कोलोरॅडोवर इतिहासातली पहिली अधिकृत पाणीटंचाई जाहीर झालीच.

रत्नागिरीत तर ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग पाण्याची चिंता कसली, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण हा पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून समुद्राला मिळतो. कोकणातल्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. हिरवळीला पाणी लागणार तेही तेव्हाच. शिवाय सच्छिद्र जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळतं. वर पसरलेली खतं-औषधं त्याच वाटेने खाली जाणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कातळात सुरुंग लावून, माती भरून हापूसची कलमं लावलीच ना, मग गोल्फचंच वावडं का? सडा बागांनीही गमावला, हे कबूल करायला हवं. फरक एवढाच, की जीव धरलेलं कलम फारसं पाणी मागत नाही आणि बाग गावातल्या माणसाचीही असू शकते. सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल, हेही खरं. पण त्यासाठी तेवढं सांडपाणी निर्माण करणारं शहर जवळ हवं. रोजगार हवाच, मात्र तो मिळवण्यासाठी सडा झाकून टाकण्याची गरज नाही.

कारण पाहण्यासारखं जे आहे, ते कातळावरच आहे. पहिल्या पावसानंतर कोकण दीपकाडीची पांढरी फुलं येतात, श्रावण-भाद्रपदात ‘सीतेची आसवं’ सडा जांभळा करतात. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू इथली कातळशिल्पं तर थेट जांभ्यात कोरलेली; कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या आकृतीत इतर कितीतरी प्राणी सामावले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ही शिल्पं उजेडात आणली आणि २०२२मध्ये त्यातली काही स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यावर चार इंच माती पसरली, की हिरवळ मिळेल आणि पर्यटकाला इथे यायचं कारणच संपेल.

ॲरिझोनाकडून घ्यायचं ते एवढंच: लोक ग्रँड कॅन्यनला येतात ते उघड्या खडकासाठी. पालीच्या फाट्यावरून पुढे जाणारा प्रवासी एक रात्र थांबावा, यासाठी माहितगार स्थानिक वाटाडे, शिल्पांभोवती साधं कुंपण, स्वच्छ घरगुती मुक्काम आणि पावसाळ्यातल्या सड्याची जाहिरात पुरे आहे. त्याला पाण्याचा टँकर लागत नाही.