अर्धशिशीचे तेल आणि महाडचा धडा

सह्याद्रीच्या कुशीतील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दुखणे अंगावर काढण्याची सवय जुनी आहे. अनेक घरांतील कर्ता पुरुष पोटासाठी मुंबईस. शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले यांचा सारा भार स्त्रीच्या शिरावर. डोंगरावरील वाडीतून डॉक्टरकडे जायचे, तर दिवसाची मजुरी बुडते आणि वर गाडीभाडे पडते. अशा घरात अर्धशिशीला आजार मानलेच जात नाही. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. अर्धे डोके ठणकते, उजेड सोसत नाही, उलटी होते आणि दुसऱ्या दिवशी ती स्त्री पुन्हा कामाला लागते. कपाळावर सुंठीचा लेप आणि दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, एवढाच तिचा उपचार.

वस्तुतः हे दुखणे क्षुल्लक नाही. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक असते. शेजारच्या कर्नाटकात झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे चतुर्थांश लोकांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. एवढे मोठे आणि एवढे दुर्लक्षित दुखणे ही कोणत्याही विक्रेत्याला आयती मिळालेली बाजारपेठच होय. त्या बाजारपेठेत आता मोबाइलच्या पडद्यावरून एक नवी बाटली अवतरली आहे: सीबीडी तेल.

सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे भांगेच्या झाडातील एक द्रव्य. त्याच झाडातील टीएचसी या द्रव्याने नशा येते; सीबीडीने तशी येत नाही. भांगेचा औषधी उपयोग हा पाश्चात्त्यांचा शोध नव्हे. आयुर्वेदाला ती ‘विजया’ या नावाने परिचित आहे. १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी तिच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि १८९२ च्या आपल्या वैद्यकग्रंथात विल्यम ऑस्लर यांनी अर्धशिशीवर तिची शिफारस केली. मात्र ते अर्क नशा आणणाऱ्या द्रव्यासह संपूर्ण वनस्पतीचे होते. त्या काळच्या कीर्तीच्या आधारे आजचे सीबीडी तेल विकणे म्हणजे आजोबांच्या पतीवर नातवाने कर्ज काढण्यासारखे आहे.

आजचा पुरावा काय सांगतो? अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांवर शुद्ध सीबीडीचा गुण सिद्ध झाला आणि २०१८ मध्ये अमेरिकेने त्या औषधास मान्यता दिली. अर्धशिशीची गोष्ट निराळी आहे. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ९२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले. तीत औषध वाफेच्या रूपाने दिले होते. टीएचसी आणि सीबीडी यांच्या मिश्रणाने दोन तासांत अनेकांना आराम पडला. परंतु एकट्या सीबीडीचा गुण औषधद्रव्य नसलेल्या वाफेहून सरस ठरला नाही. विशेष म्हणजे, त्या निर्गुण वाफेनेही सुमारे ४७ टक्के वेळा वेदना हलकी झाली होती.

सीबीडी तेलाच्या व्यापाराचे मर्म या एका आकड्यात आहे. अर्धशिशीचा झटका साधारण ४ ते ७२ तासांत आपोआप ओसरतो. त्यामुळे शेवटी जे घेतले त्यालाच श्रेय मिळते. मग ते तेल असो, लेप असो वा अंगारा. साडी विटली तर गिऱ्हाइकाला दुकानदाराची लबाडी कळते. इथे मात्र बाटली रिकामी झाल्यावरही माल खरा होता की खोटा, हे कळत नाही. वैद्यकीय सेवेतील ही अनिश्चितता केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच अर्थशास्त्रज्ञांच्या ध्यानी आणून दिली होती. जिथे ग्राहकाला पारख करता येत नाही, तिथे केवळ स्पर्धेने माल सुधारत नाही; जाहिरात तेवढी सुधारते.

कायद्याची स्थितीही गुंतागुंतीची आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, पण नुसत्या पानांना त्या व्याख्येतून वगळले. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये भांगेलाही परवाना लागतो. पानांपासून केलेली काही तेले आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकली जातात. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. याखेरीज, २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळालेले भांगबियांचे तेल हा तिसराच प्रकार. त्यात सीबीडी नाममात्र असते. नावांच्या या गोंधळात साध्या गिऱ्हाइकाची फसगत होण्यास कितीसा वेळ लागणार? शिवाय सीबीडी निरुपद्रवी आहे, असेही नाही. त्याने गुंगी येते, यकृतावर ताण पडू शकतो आणि व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाबरोबर तो वाढतो.

मग उपाय कोणता? त्याचा धडा महाडनेच घालून दिला आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहिली. प्रॅझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध त्यांनी वापरले, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ते जगापुढे मांडले. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपल्याच उपचाराची पुन्हा परीक्षा घेतली. महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रॅझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे दिसले. गुण आला असे वाटणे आणि गुण आला हे सिद्ध होणे, यांतील अंतर या तालुक्याने असे पार केले आहे.

योगायोग असा की, अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हेही रक्तदाबावरील जुने, स्वस्त औषध आहे. ते आणि अमिट्रिप्टिलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहेत. दमेकऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही; म्हणून डॉक्टरचा सल्ला अटळ. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते, हे सांगणारेही कोणी हवे. एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे, ही अर्धशिशी समजून घरी थांबण्याची लक्षणे नव्हेत.

आरोग्य केंद्रात ही औषधे नियमित मिळावीत आणि घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकेने रक्तदाबाबरोबर डोकेदुखीचीही विचारपूस करावी, ही मागणी अवाजवी नाही. घरच्या माणसांकडून अपेक्षा याहूनही लहान आहे: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत डोके दुखलेल्या दिवसांवर खूण करावी. दोन-तीन महिन्यांच्या त्या खुणा पाहिल्या, म्हणजे कोणत्या औषधाने दुखणे खरोखर कमी झाले आणि कोणत्या बाटलीने केवळ पैसे नेले, हे त्या स्त्रीला जाहिरातदाराला न विचारता कळेल. आणि तिचे दुखणे एकदा कागदावर आले, की ते नाकारणे घरालाही कठीण जाईल.