पुस्तकवेड्या पोराला काय द्यायचं?

शहापूर-मुरबाडकडे वाढदिवसाला अजून टेडी नि कंपासपेटीच फार. पण चार-पाच वर्षांचं पोर पुस्तकात रमत असेल, तर माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ डोळे झाकून घ्या. प्रकाशक ज्योत्स्ना प्रकाशन. आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरचीच माणसं, चित्रंही पुरंदरेंचीच. २०१६ साली पहिला बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला, तो काही उगीच नाही.

एसटी स्टँडवरचे चकचकीत गोष्टींचे संच शक्यतो टाळा. अक्षर मुंगीएवढं आणि वाघाचा रंग रेषेबाहेर!

पोर स्वतः वाचू लागलं असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ची वर्गणी भरा. १९७१ पासून निघणारं मासिक आहे, टपालाने घरी येतं. जुने अंक तर ऑनलाइन फुकट वाचता येतात.