पंगतीतील पहिले पान

साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःला रक्त कोठून मिळते, असा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. हृदयाचे कप्पे अहोरात्र रक्ताने भरलेले असतात खरे. परंतु त्याच्या जाड स्नायूचे पोषण त्या रक्तावर होत नाही. महारोहिणी हृदयातून बाहेर पडताच, अगदी उगमापाशी, तिला दोन शाखा फुटतात व त्याच हृदयाला रक्त देतात. रक्ताच्या पंगतीत पहिले पान वाढप्याचेच असते!

एरवी ही सोय उत्तम. पण फुप्फुसे निकामी झालेल्या रोग्याला कृत्रिम फुप्फुस लावले, की तीच संकट ठरू शकते. १९७१ साली कॅलिफोर्नियात अपघातात सापडलेल्या एका २४ वर्षांच्या तरुणाला अशा यंत्राने ७५ तास आधार देऊन वाचविले. हे यंत्र नीलेतील काळसर रक्त ओढून घेते, त्यास प्राणवायू देते आणि पुन्हा शरीरात सोडते. हृदयही दुबळे असेल, तर हे रक्त बहुधा जांघेतील रोहिणीत सोडतात. तेथून ते महारोहिणीत उलट, हृदयाच्या दिशेने चढते.

भरतीचे पाणी खाडीतून वर यावे आणि वरून नदी वाहत यावी, तसे येथे दोन प्रवाह भेटतात. हृदय सावरू लागले, की वरचा प्रवाह बळावतो व भेटीची जागा खाली सरकते. फुप्फुसे मात्र अजून आजारीच असतील, तर वरच्या प्रवाहात प्राणवायू अपुरा असतो. मग पाय लालसर दिसतात आणि हृदय व मेंदू प्राणवायूवाचून तळमळतात.

म्हणूनच प्राणवायूचे मोजमाप उजव्या हाताच्या बोटावर करतात. कारण त्या हाताची रोहिणी महारोहिणीच्या कमानीवरील पहिल्या मोठ्या शाखेतून येते. पायावरील आकडा येथे फसवा ठरतो. उजव्या हाताचा आकडा घसरला, तर यंत्रातील काही रक्त मानेतील नीलेत सोडता येते. ते उजव्या हृदयातून, फुप्फुसांतून डाव्या हृदयात पोचते आणि पहिल्या पानावर पुन्हा सकस अन्न पडते.

यंत्र चालू आहे, एवढ्यावर समाधान मानून भागत नाही. त्याचे दान कोठवर पोचले, हे पाहणे हीच खरी शुश्रूषा होय.