फूट म्हणजे कुठला फूट? घर बांधताना आणि जागा घेताना कानावर पडणारे शब्द

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई वही घेऊन आल्या. गटातून त्यांनी घर बांधायला कर्ज घेतलं होतं, स्लॅब पडून आठ दिवस झाले होते आणि मिस्त्रीनं मजुरीचं बिल दिलं होतं. ठरताना बोलणं झालं होतं "तीनशे रुपये फूट". घर वीस बाय पंधरा, म्हणजे तीनशे फूट. ताईंनी नव्वद हजार धरले होते. बिल आलं १ लाख २४ हजार २०० रुपयांचं, आणि त्यात माप लिहिलेलं ४१४ फूट. "मॅडम, घर रातोरात वाढलं की काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

सीआरपी ताई आणि मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगते. त्यानं माप स्लॅबवरून घेतलं होतं. स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी दीड-दीड फूट काढला होता, म्हणजे तेवीस बाय अठरा, बरोबर ४१४. ताईंनी माप भिंतीच्या बाहेरून धरलं होतं, म्हणजे ३००. आणि त्यांच्या सासूबाई आतून मोजत होत्या, कारण "राहायचं तर आतच ना!" भिंत नऊ इंची, दोन्हीकडची दीड फूट वजा केली की साडेअठरा बाय साडेतेरा, म्हणजे २५० च्या जवळपास. घर एकच, फूट तीन प्रकारचे. २५० आणि ४१४ मधला फरक तीनशेच्या दरानं एकोणपन्नास हजारांचा होतो. गटातल्या कितीतरी जणींचं अख्खं कर्जच तेवढं असतं.

म्हणून या वेळी हे शब्द लिहायचं ठरवलं. कॉलेजात मला यातलं काही शिकवलं नव्हतं. बरंचसं बांधकामावरच्या मिस्त्रींना आणि विटा वाहणाऱ्या बायकांना विचारून कळलं.

आतून मोजलेल्या मापाला चटई क्षेत्र म्हणतात, शहरात कार्पेट एरिया. चटई अंथरता येईल तेवढी जागा. भिंतींसह बाहेरून मोजलं तर बांधीव क्षेत्र, म्हणजे बिल्टअप. शहरातल्या फ्लॅटला जिना, लिफ्ट, पार्किंगचा वाटा मिळवून सुपर बिल्टअप सांगतात, तो आकडा सगळ्यात मोठा आणि आपल्या उपयोगाचा सगळ्यात कमी. मुलगा-सून पुण्याकडे फ्लॅट बघत असतील तर त्यांना एवढंच विचारायला सांगा: रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट किती, आणि महारेराचा नोंदणी क्रमांक कोणता. २०१६ च्या या कायद्याप्रमाणे विक्री चटई क्षेत्रावर व्हायला हवी. त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

गावात मात्र मजुरीचा ठेका बहुतेक स्लॅबच्या मापावर चालतो. तसा तो चालू द्यायलाही हरकत नाही. फक्त ठरताना तोंडानं विचारायचं: माप कुठून घेणार? छज्जा पूर्ण धरणार की निम्मा? पायऱ्या, टाकी, संडास यात आहे की वेगळं? नुसती मजुरी आहे की मालासकट? सेंटरिंगच्या पाट्या आणि बल्ल्या कोणाच्या? आणि उत्तरं वहीत लिहून दोघांच्या सह्या. त्या ताईंचं शेवटी असं मिटलं की बाहेर काढलेला भाग निम्म्या मापानं धरायचा. ३०० अधिक ५७, म्हणजे ३५७ फूट, १ लाख ७ हजार १०० रुपये. सतरा हजार शंभर वाचले, पण नव्वदचं गणित काही परत आलं नाही.

आता 'फूट' या शब्दाचं आणखी एक. लांबी मोजतात तो रनिंग फूट: कुंपण, पाईप, कठडा. लांबी गुणिले रुंदी म्हणजे चौरस फूट: फरशी, गिलावा, रंग. त्यात उंची गुणली की घनफूट: वाळू, खडी, काँक्रीट. बोलताना सगळे नुसतं "फूट" म्हणतात, म्हणून पुढचा शब्द आपणच जोडायचा.

शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. (गिलाव्याचं काम ब्रासवर सांगितलं तर मात्र ते शंभर चौरस फूट असतं.) ट्रॉली दारात उभी राहते, ड्रायव्हर "एक ब्रास आहे" म्हणतो आणि आपण पैसे देतो. एकदा टेप लावून बघा. ट्रॉली आतून नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि वाळू दीड फूट उंच असेल, तर गुणाकार येतो ७४ घनफूट. म्हणजे पाऊण ब्रासच. पैसे एक ब्रासचे. माप वाळू सपाट करून घ्यायचं, मधल्या ढिगाचं नाही. आणि ओलसर वाळू फुगते, कोरडीपेक्षा जास्त दिसते, हेही ध्यानात ठेवायचं. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं शासनाचं धोरण आहे, तिथंही पाच ब्रास म्हणजे पाचशे घनफूट, पाच ट्रॉल्या नव्हे.

लोखंडाचंही मोजता येतं. सळई साधारण बारा मीटर, म्हणजे चाळीस फुटांच्या आसपास लांब येते. ८ एमएमची एक सळई पावणेपाच किलोच्या आसपास भरते, १० एमएमची साडेसात किलोच्या आतबाहेर, १२ एमएमची साडेदहा ते पावणेअकरा. बिलावर किलो असतात, दारात नग असतात. नग मोजून गुणाकार केला की कळतं. थोडाफार फरक निघतो, पण क्विंटलमागे दहा-पंधरा किलो कमी भरत असेल तर दुकानदाराला विचारायचं.

घर खालून वर कसं जातं ते आता पाहू. घरकुलाचे हप्ते याच शब्दांवर अडलेले असतात. खड्ड्यात कॉलमच्या खाली जी चौकोनी जाळी टाकून काँक्रीट भरतात ते फूटिंग. पाया जमिनीवर येऊन जिथं घराची जमीन ठरते ते जोतं, म्हणजेच प्लिंथ. "प्लिंथचा हप्ता" म्हणजे जोत्यापर्यंत काम झाल्यावर, जिओ टॅग फोटो काढल्यावर मिळणारा. मागच्या वर्षी एका मावशींनी प्लिंथ म्हणजे प्लास्टर समजून चार महिने हप्ता मागितलाच नव्हता. जोतं कधीच पूर्ण झालं होतं! दारं-खिडक्यांच्या डोक्यावरचा आडवा पट्टा म्हणजे लिंटेल. त्यातून बाहेर आलेली पावसाची झड अडवणारी पट्टी म्हणजे छज्जा. कॉलम उभा, बीम आडवा, त्यावर स्लॅब, स्लॅबच्या कडेची बुटकी भिंत पॅरापेट. प्रधानमंत्री आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असावं लागतं, स्वयंपाकाची जागा धरून. सपाट भागात योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. त्यापेक्षा घर मोठं काढलं की वरचा खर्च आपला, हे जोत्याची आखणी करतानाच घरात बोलून घ्यावं. नंतर सावकाराकडं जावं लागतं, ते मी पाहिलंय.

स्लॅबच्या दिवशी सगळे मिस्त्रीच्या जेवणाच्या गडबडीत असतात. पण बाईनं त्या दिवशी अर्धा तास वर जावं. तीन गोष्टी बघाव्यात. एक, कव्हर. लोखंडाची जाळी पाट्यांना टेकलेली नको. तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे हवेत, नाहीतर पुढं खपल्या निघतात आणि सळया गंजतात. दुसरं, प्रमाण. "एकास दीडास तीन" म्हणजे एक घमेलं सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. ४१४ फुटांचा स्लॅब पाच इंच जाड असेल तर काँक्रीट १७२ घनफूट होतं आणि या प्रमाणानं सिमेंट चाळीस पोत्यांच्या आसपास लागतं. पंचवीस पोत्यांत स्लॅब पडला तर बचत झाली म्हणून खूश होऊ नका. तिसरं, पाणी. काँक्रीट सैल करायला मिस्त्री पाणी वाढवतात, काम सोपं होतं, पण ताकद कमी होते. पाणी कालवताना मोजून, आणि स्लॅब पडल्यावर भरपूर. त्या नंतरच्या पाण्याला क्युरिंग म्हणतात, आपल्याकडं नुसतं "पाणी मारणं". आळी करून पाणी साठवून ठेवायचं, किमान दहा-चौदा दिवस. हे काम घरातल्या बाईचंच असतं आणि त्याची मजुरी कोणी धरत नाही, पण स्लॅब पक्का होतो तो याच पाण्यानं. खालची सेंटरिंग दुसऱ्या कामाला हवी म्हणून ठेकेदार लवकर सोडायला बघतो. दोन आठवडे तरी हात लावू देऊ नका, गाळा मोठा असेल तर तीन.

आता कागदांचे शब्द. इथं पैशापेक्षा जास्त जातं.

नमुना आठ आणि आठ-अ यांत सगळ्यांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. आठ-अ तलाठ्याकडचा, शेतजमिनीचा: एका खात्यावर गावात कुठं किती जमीन आहे त्याचा उतारा. नमुना आठ ग्रामपंचायतीचा, घराचा: घरपट्टी कोणाकडून घ्यायची त्याची नोंद. नमुना आठवर नाव असणं चांगलंच, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. गावठाणातल्या घराचा मालकीचा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक, ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजली जातात, ती त्यासाठीच. आपल्या गावात मोजणी झाली असेल तर कार्डावर कोणाचं नाव चढलंय ते आजच बघा. घर 'दोघांचं' म्हणून नमुना आठला पतीबरोबर पत्नीचं नाव लावायला ग्रामपंचायतीत अर्ज देता येतो.

सातबाऱ्यात सातवर मालकाचं नाव, बारावर पीक. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारा वाचताना 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवा. कर्जाचा बोजा तिथंच लिहिलेला असतो. आणि बहिणींची, विधवा सुनांची नावं मालकाच्या रकान्यात न लावता पुष्कळदा याच रकान्यात सरकवलेली दिसतात.

जागा घेताना आधी इसार, म्हणजे बयाणा. मग साठेखत: पुढं विकीन असा करार. आणि शेवटी खरेदीखत, दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेलं. मालकी बदलते ती खरेदीखतानं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट हा कागदावर आपला होत नाही, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी. खरेदीखत झालं की सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू मागून घ्यायचा आणि फेरफार होऊन उताऱ्यावर नाव आलं का ते बघायचं. शेतजमिनीतला प्लॉट असेल तर तो एन.ए., म्हणजे अकृषिक झालाय का आणि त्याचा मंजूर नकाशा आहे का, हे इसार देण्याच्या आधी विचारायचं. तयार घर किंवा फ्लॅट एकट्या बाईच्या नावे घेतला तर आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचतात, आणि नावही लागतं.

शेवटचा शब्द हक्कसोड. वडील गेल्यावर भाऊ म्हणतो, "ताई, वारस लावायचेत, एक सही दे." वारस नोंद वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळं. वारस नोंदीत तुमचं नाव चढतं, हक्कसोडपत्रात ते उतरतं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे. वाटा घ्यायचा की भावाला सोडायचा हे जिचं तिनं ठरवावं, त्यात मी कोण बोलणार? पण आपल्याच प्रभागातल्या एका ताईंनी निबंधक कार्यालयात अंगठा देताना विचारलं, "हे कशाचं?" आणि उत्तर मिळालं, "घरचंच आहे, दे." त्यांना अर्थ कळला तीन वर्षांनी, माहेरच्या जागेचा सातबारा घरकुलासाठी काढायला गेल्यावर. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मोडायचं तर कोर्टात जावं लागतं. सही करायच्या आधी कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं नाव वाचा. वाचता येत नसेल तर कागदाचा फोटो काढून सीआरपी ताईंना पाठवा आणि तोवर "उद्या येते" म्हणा.

येत्या ग्रामसंघ बैठकीला येताना घराचा नमुना आठ किंवा प्रॉपर्टी कार्डाची नक्कल आणा. बांधकाम चालू असेल तर ठेक्याची वहीही आणा. टेप मी आणते.