घरी शिकलेली विद्या आणि पेढीवरील संगणक

पूर्वी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा बेळगावच्या रविवार पेठेतील पेढीवर नवा मुलगा ठेवताना मालक त्याचे अक्षर पाहत आणि जमाखर्च येतो का, एवढेच विचारीत. ती विद्या तो बहुधा घरीच शिकलेला असे. वडील रात्री रोजकीर्द लिहावयास बसले की शेजारी बसून तोही बेरजा करी. कीर्द-खतावणीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती केवळ सोयीची होती म्हणून नव्हे. कागद व लेखणी घरोघरी होती आणि शिकण्यास कोणाचा परवाना लागत नव्हता, हेही तितकेच मोठे कारण होय. आज खतावणीची जागा संगणकाने घेतली आहे. ज्या संगणकपद्धतीवर आपण दुकानाचे सारे हिशेब सोपविले, ती उद्या टिकेल काय, हा प्रश्न आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो.

एक ओळखीचे उदाहरण घेऊ. बेळगाव स्थानकाच्या खिडकीवर आपण वर्षानुवर्षे आरक्षणाची तिकिटे काढली. ती देणारी रेल्वेची व्यवस्था ‘व्हीएमएस’ नावाच्या प्रणालीवर चालत आली. परंतु हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९७७ साली ती जाहीर केली. अनेक यंत्रे एकत्र जोडून, एक बंद पडले तरी काम चालू ठेवण्याविषयी तिची ख्याती होती. पण तिची यंत्रे महाग, मोठ्या संस्थांनाच परवडणारी. विद्यार्थ्याच्या घरी ती सहसा पोहोचली नाहीत. हौशी अभ्यासकांना विनामूल्य परवाना मिळू लागला तो १९९७ साली. तोवर घरोघरी दुसरे संगणक आले होते. मूळ कंपनी १९९८ साली कॉम्पॅककडे आणि २००२ साली एचपीकडे गेली. २०२० साली विनामूल्य परवाने बंद करण्याचे ठरले. नव्या चालकांनी ते त्याच वर्षी पुन्हा सुरू केले. परंतु अभ्यासकांकडून अपेक्षित सहकार्य मिळाले नाही, असे सांगून २०२४ साली त्यांवर मर्यादा घातल्या. रेल्वेची आरक्षणव्यवस्था या जुन्या प्रणालीवरून नव्या तंत्रावर नेण्याचे काम चालू असल्याचे २०२५ साली सरकारने सांगितले. मालकी बदलणे व स्वस्त यंत्रांची स्पर्धा हीही कारणे होतीच; तरी जाणती नवी पिढी तयार झाली नाही, ही उणीव भरून निघाली नाही.

याउलट पाहा. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोर्व्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या साध्या संगणकावर ‘लिनक्स’चा आरंभ केला व तो सर्वांस मोकळा ठेवला. कोणीही नक्कल करावी, आत काय आहे ते पाहावे, सुधारावे आणि पुढे द्यावे. घरी शिकलेली हीच मुले पुढे कचेऱ्यांत गेली आणि आपली विद्या बरोबर घेऊन गेली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे.

आपल्या धंद्यातील दाखला म्हणजे ‘टॅली’. बंगळूरचे व्यापारी श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशेबांस योग्य अशी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे गणित शिकलेले चिरंजीव भरत यांनी ती स्वतः रचली. १९८६ साली कंपनी निघाली. टॅली विकत घ्यावी लागते. परंतु शिकणाऱ्यास परवान्यावाचून ती घरी चालविता येते, फक्त महिन्यातील ठराविक तारखांच्याच नोंदी करता येतात. सराव होतो, धंदा होत नाही. कापडाच्या व्यापाऱ्याने नमुन्याचा तुकडा द्यावा, तशी ही युक्ती आहे. वाणिज्य शाखेचा मुलगा टॅली शिकून येतो, म्हणून दुकानदार टॅली घेतो. आणि दुकानदार टॅली घेतो, म्हणून मुलगा ती शिकतो. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ही तयार माणसेच आपल्या उपयोगी पडली.

सीमाभागात आपल्याला मराठी व कन्नड या दोन्ही लिपी लागतात. कर्नाटकात ‘नुडी’ विनामूल्य मिळाली आणि तिचा प्रसार झाला. मुंबईत तयार झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेबाची मुक्त प्रणालीही उपलब्ध आहे. तथापि, फुकट मिळालेल्या वस्तूचीही निगा राखावी लागते व निगा राखणाऱ्यास मोबदला द्यावा लागतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. परवाना न घेता चोरून केलेल्या नकलांनीही काही प्रणालींचा प्रसार झाला, हे खरे. परंतु सचोटीच्या पेढीने त्या वाटेस जाऊ नये. मोकळी वाट उपलब्ध असता चोरवाट कशाला?

म्हणून आमची सभासदांस विनंती अशी की, नवी प्रणाली घेताना केवळ किंमत विचारू नका. गावात ती जाणणारे किती आहेत? आपल्या मुलामुलींना ती घरी खर्चावाचून शिकता येईल काय? आणि उद्या ती बंद पडली, तर आपले हिशेब सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतील काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच थैली सोडावी. तसेच सुट्टीच्या दिवशी पेढीवरील संगणकापाशी घरच्या मुलांना तासभर बसू द्यावे. आपल्या वडिलांनी आपणांस कीर्दीपाशी बसविले होते. त्याच विद्येवर ही पेढी आजवर चालली.