स्वराज द्वीपावर स्कूटरनें एक दिवस



अंदमान म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो तुरुंग. तें स्वाभाविकच आहे. सेल्युलर जेलच्या कोठडींत सावरकरांनीं १९११ पासून दहा वर्षें काढलीं, आणि महाराष्ट्रांतून जाणारा प्रवासी ती कोठडी पाहिल्याशिवाय सहसा परतत नाहीं. परंतु आज मी बोलणार आहें तें त्या तुरुंगापासून ईशान्येस, समुद्रांत सुमारें चाळीस किलोमीटरांवर असलेल्या एका बेटाविषयीं. पूर्वीं त्यास हॅवलॉक म्हणत. १८५७ सालीं लखनौस मरण पावलेल्या इंग्रज सेनापतीचें हें नांव. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं १९४३ च्या ३० डिसेंबरला पोर्ट ब्लेअर येथें तिरंगा फडकविला व या द्वीपांना शहीद आणि स्वराज अशीं नांवें सुचविलीं. त्याच्या स्मरणार्थ २०१८ सालीं त्याच तारखेस हॅवलॉकचें स्वराज द्वीप झालें. पोर्ट ब्लेअरहि २०२४ पासून श्री विजयपुरम् झालें आहे. बोलण्यांत मात्र जुनीं नांवें अजून ऐकूं येतात.

हें बेट शंभर चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि त्याचा बहुतेक भाग जंगलाखालीं आहे. वस्ती व रस्ते उत्तरेकडच्या भागांतच. त्यामुळें ‘स्कूटर घेतली कीं एका दिवसांत बेट पाहून होतें’ असें जें म्हणतात तें अर्धेंच खरें; पाहून होतो तो बेटाचा रस्ता. जेटीवरून निघालें कीं थोड्याच वेळांत गोविंदनगरचा बाजार लागतो, आणि तेथून रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक पूर्वकिनाऱ्यानें विजयनगरवरून कालापत्थरला जातो, दुसरा बेट ओलांडून पश्चिमेस राधानगरला. कोणताहि फांटा घ्या, जेटीपासून शेवटापर्यंत दहाबारा किलोमीटरांहून फार अंतर नाहीं. एवढ्यासाठीं मोटार करणें म्हणजे चमच्यासाठीं पातेलें घेण्यासारखें आहे. बाजारांत भाड्यानें स्कूटरी मिळतात. परवाना दाखवावा लागतो, आणि ब्रेक व दिवा आपण स्वतः पाहून घ्यावा हें उत्तम. माझ्या वयाचा माणूस मागें सौभाग्यवतीस बसवून ताशीं पंचवीस-तीसच्या वेगानें येथें सहज हिंडूं शकतो. त्याहून अधिक वेगाची गरजहि नाहीं, कारण वळणावर वाळू पसरलेली असते.

नवख्या माणसाची पहिली फसगत होते ती घड्याळानें. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्यायशी अंश रेखावृत्तावरून ठरविलेली आहे. हें बेट आहे त्र्याण्णव अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात, म्हणजे साडेदहा अंशांचीं बेचाळीस मिनिटें झालीं. मुंबई उलट त्र्याहत्तर अंशांच्या जवळ, म्हणजे प्रमाणरेषेच्या पश्चिमेस. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य त्या घड्याळास बांधलेला नाहीं. आम्ही गेलों होतों फेब्रुवारींत. त्या दिवसांत मुंबईस सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो; येथें तो पावणेसहाच्या आंतच वर आलेला असतो, आणि संध्याकाळीं साडेपांच वाजण्यापूर्वीं मावळतो. सकाळीं नऊला न्याहारी करून निघणारा प्रवासी दिवसाचा चौथा हिस्सा हॉटेलांतच घालवून बसतो आणि मग ‘दिवस लहान पडला’ अशी तक्रार करतो. म्हणून पांचला उठावें, अंधारांतच पूर्वेचा रस्ता धरावा, आणि दिवसभर सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकत जावें.

कालापत्थरचा किनारा हा उगवतीचा किनारा. कांठाला काळे खडक, पुढें पांढरी वाळू आणि त्यापुढें हिरवट निळें पाणी. तेथून परततांना विजयनगरपाशीं थांबावें, विशेषतः ओहोटीच्या वेळीं. भरती-ओहोटी दिवसांतून दोनदां होते आणि रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते हें आपण शाळेंत शिकलोंच आहों. मुंबईस उधाणाला पाणी चार-पांच मीटर चढतें-उतरतें, येथें दोन मीटरांच्या आसपास. परंतु किनारा इतका उथळ आहे कीं तेवढ्यानेंहि समुद्र दूरवर मागें हटतो, आणि काल रात्रीं जेथें लाटा होत्या तेथें सकाळीं खडक, डबकीं व त्यांत अडकलेले लहान मासे दिसतात.

हे सर्वच खडक खडक नव्हेत. त्यांतले पुष्कळ प्रवाळ आहे, म्हणजे आपलें पोंवळें ज्या कुळांतलें त्याच कुळांतल्या सूक्ष्म जीवांनीं बांधलेलीं घरें. या जीवांच्या अंगांत एक प्रकारचें शेवाळ राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें व यजमानास देतें. पाणी नेहमींहून एक-दोन अंशांनीं तापलें व तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तर हा भाडेकरू घर सोडून जातो, प्रवाळ पांढरें पडतें, आणि उष्मा लवकर उतरला नाहीं तर मरतें. २०१० च्या उन्हाळ्यांत अंदमानच्या समुद्रांत असें मोठ्या प्रमाणावर झालें. याचें दुःख केवळ पाणबुड्यांना व्हावें असें नाहीं. लाटांचा पहिला तडाखा प्रवाळाचा कठडा घेतो, म्हणून मागची नारळाची बाग उभी राहते. आणि ज्या शुभ्र वाळूसाठीं लोक इतक्या दूर येतात ती वाळूहि बहुतांशीं प्रवाळाचा व शिंपल्यांचा चुराच आहे. कठडा गेला कीं वाळूचा कारखानाहि बंद पडला. असें असतां ओहोटीला या कठड्यावरून बूट घालून चालणारे, आणि आठवण म्हणून एखादी फांदी मोडून घेणारे लोक मीं पाहिले. प्रवाळास वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धां नेतां येत नाहीं.

ऊन चढलें कीं गोविंदनगरच्या बाजारांत यावें. येथें कानांवर पडते ती बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांना १९५० नंतरच्या दशकांत सरकारनें या बेटावर जमिनी देऊन वसविलें. जंगल तोडून त्यांनीं भातखाचरें केलीं, पोफळी व नारळ लावले, आणि गांवांना गोविंद, श्याम, कृष्ण, राधा अशीं नांवें दिलीं. २०११ च्या जनगणनेंत बेटाची वस्ती सहा हजारांहून थोडी अधिक होती. मासळीचें कालवण व भात जेवून दारांत वाळत घातलेल्या सुपाऱ्या पाहिल्या, तेव्हां सौभाग्यवतींस आपलें माहेर आठवलें; त्या गुहागरकडच्या.

दुपारीं दोनच्या सुमारास राधानगरचा रस्ता धरावा. खाचरें संपतात, चढ लागतो, आणि दोन्ही बाजूंनीं उंच सदाहरित झाडें जवळ येतात. स्कूटर येथें जरा हळू न्यावी, कारण बेटाच्या जिवाचें रहस्य या जंगलांत आहे. श्री विजयपुरम् येथें वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईहून अधिक, आणि तो मे पासून डिसेंबरापर्यंत पुरतो. तरी फेब्रुवारी-मार्चपासून या बेटांवर गोड्या पाण्याची ओढ लागते. बेट लहान, ओढे आंखूड. पडलेलें पाणी कांहीं तासांत समुद्रास मिळावयाचें. त्यास अडवून धरतात तीं झाडांचीं मुळें व पाल्याचा थर. जमिनींत मुरलेलें गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें, म्हणून किनाऱ्याजवळच्या वाळूंत तें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. विहिरींतून फाजील उपसा केला कीं खालचें खारें पाणी वर चढतें, आणि एकदां खारावलेली विहीर लवकर गोडी होत नाहीं. वस्ती सहा हजारांची, पण प्रवासी येतात ते नेमके याच कोरड्या महिन्यांत. आणि त्यांना दिवसांतून दोनदां अंघोळ हवी असते. हॉटेलांतील चादरी रोज धुण्याचा आग्रह आपण येथें तरी सोडावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

याच रस्त्यावर डावीकडे नव्हे, उजवीकडे, हत्ती-किनाऱ्याची पायवाट फुटते. तेथें स्कूटर जात नाहीं. जंगलांतून चालावें, नाहींतर जेटीवरून होडीनें जावें. लांकडें ओढण्यासाठीं या द्वीपांवर बाहेरून हत्ती आणीत. त्यांतला राजन नांवाचा हत्ती समुद्रांत पोहण्याबद्दल जगभर प्रसिद्ध झाला. २०१६ सालीं तो याच बेटावर मेला.

राधानगरचा किनारा रुंद, अर्धचंद्राकार, आणि त्याच्या पाठीशीं समुद्र-महुआचे प्रचंड वृक्ष. नांव महुआचें असलें तरी हें झाड आपल्या चिकूच्या व खिरणीच्या जातीचें आहे. येथें पोहतांना सूचनाफलक वाचावेत व आंखलेल्या हद्दींतच राहावें. खाजणांत खाऱ्या पाण्यांतील मगरी आहेत. २०१० सालीं येथून जवळच एका परदेशी तरुणीचा मगरीनें बळी घेतला. संध्याकाळीं गर्दी बरीच होते, पण किनारा इतका मोठा कीं प्रत्येकास आपला सूर्यास्त स्वतंत्र मिळतो.

सूर्य बुडाल्यावर मात्र रेंगाळूं नये. विषुववृत्ताजवळ सूर्य क्षितिजाखालीं जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून संधिप्रकाश थोडा. वीस-पंचवीस मिनिटांत जंगलांतला रस्ता काळोखा होतो. रस्त्यावर गाई बसलेल्या असतात व त्या उठत नाहींत. आम्ही सहाच्या सुमारास चढ उतरून खाचरांपाशीं आलों, तेव्हां बाजारांतले दिवे लागले होते आणि दुकानदार स्कूटरी मोजून आंत घेत होता.